शॅडोरन आणि अर्थडॉन एकाच कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या गोष्टीत) जोडायचेत, कोणी केलंय का?

नकाशातली_रेघ:

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी आमच्या ग्रुपसाठी शॅडोरन (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिकांचा खेळ) चालवतेय, पाचवी आवृत्ती, चार खेळाडू आणि मी जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. मधे काहीतरी वेगळं म्हणून आम्ही अर्थडॉनची दोन सेशन्स खेळलो आणि सगळे त्यात इतके रमले की आता कोणालाच दोन्हींपैकी एक सोडायचं नाहीये. आणि हे दोन्ही खेळ तर मुळात एकाच जगातले, मग जोडूनच का नाही खेळायचे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शॅडोरन १९८९ चा, अर्थडॉन १९९३ चा, दोन्ही फासा कंपनीने काढलेले (फाशांचे खेळ काढणाऱ्या कंपनीचं नाव फासा, मला हे अजूनही फार आवडतं). कल्पना अशी की जगात जादूला भरती-ओहोटी असते, एकेक युग साधारण पाच हजार वर्षांचं. माया लोकांच्या लाँग काउंट कॅलेंडरमधले १३ बाक्तून म्हणजे सुमारे ५१२५ वर्षं, त्यावरनं हे घेतलंय. अर्थडॉन हे चौथं युग, भरतीचं. मग पाचवं युग ओहोटीचं, आपला सगळा लिखित इतिहास त्याच्यात बसला. आणि २०११ मध्ये जादू परत येते तिथे सहावं सुरू, म्हणजे शॅडोरन, निऑन, कॉर्पोरेशन्स आणि जादू असलेलं भविष्य. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, ट्रोल दोन्हीकडे आहेत, आणि काही ड्रॅगन तर अक्षरशः तेच. शॅडोरनमध्ये २०५७ ला राष्ट्राध्यक्ष होऊन शपथविधीच्या रात्रीच मारला जातो तो डंकेलझान ड्रॅगन अर्थडॉनमध्ये माउंटनशॅडो या नावाने आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर जुनी पुस्तकं चाळत बसले होते.

आता अडचणी. एक म्हणजे नियम, दोन्हींचे फासेच वेगळे, मग सगळं एका सिस्टिममध्ये आणायचं का? दुसरं, आमच्यातली एक जण म्हणते की तिची शॅडोरनमधली अ‍ॅडेप्ट (जादूने अंगात ताकद आणणारी लढवय्यी) आणि अर्थडॉनमधली स्वोर्डमास्टर (तलवारबाज) हा एकच आत्मा असावा, मला ते आवडतंही आणि भीतीही वाटते की मग जुनं पात्र मेलं तर काय. तिसरं आणि सगळ्यात मोठं, अर्थडॉन खेळल्यावर खेळाडूंना हॉरर्सबद्दल (जादूची भरती वाढली की पलीकडून येणारे राक्षस) सगळं कळणार, मग शॅडोरनमध्ये त्यांना कसली भीती उरणार? आणि भूतकाळात काय झालं ते आधीच ठरलेलं असेल तर तिथे खेळायचं तरी कशासाठी? कोणी केलं असेल तर मनापासून सांगा, अर्धवट जमलेलं असलं तरी चालेल.

सहाचा_फासा:

नियमांचं मी सांगतो कारण हे मी पूर्ण एक उन्हाळा खर्च करून केलंय. एका सिस्टिममध्ये आणू नका.

का ते ऐका. अर्थडॉनमध्ये प्रत्येक गोष्टीला स्टेप नंबर असतो आणि तो नंबर म्हणजे तुमच्या फाशांची साधारण सरासरी. स्टेप ४ म्हणजे सहा बाजूंचा एक फासा, ५ म्हणजे आठचा, ६ म्हणजे दहाचा, ७ म्हणजे बाराचा, ८ ला सहाचे दोन, असं वर वर. सगळ्यात मोठा आकडा पडला की तो फासा पुन्हा टाकायचा, त्यात परत मोठा पडला तर परत. शॅडोरनला चौथ्या आवृत्तीपासून अ‍ॅट्रिब्यूट अधिक स्किल एवढे सहाचे फासे उचलायचे आणि ५ किंवा ६ पडले ते हिट, म्हणजे दर तीन फाशांमागे एक. मला वाटलं स्टेप १२ बरोबर १२ फाशांचा पूल, झालं काम. कागदावर सुंदर दिसतं. पण १२ फासे एकत्र टाकले की चारच्या आसपासच हिट येतात, कधी दोन कधी सहा, खेळाडूला आपण काय करू शकतो याचा अंदाज असतो. उलट अर्थडॉनमध्ये, समजा स्टेप ७ ला, बाराचा एकच फासा टाकला तर १ पडणं आणि ११ पडणं सारखंच शक्य, आणि १२ पडला तर आकाशच फाटतं. अर्थडॉनचा जो थरार आहे ना, की पिटुकला विंडलिंग (पंखवाली छोटी जमात) एका फटक्यात राक्षस लोळवतो, तो त्या परत परत टाकायच्या फाशात आहे. मी तो काढून टाकला आणि मग सगळे म्हणायला लागले की हे आपलं शॅडोरनच आहे फक्त बंदुका नाहीत.

दुसरं म्हणजे जखमा. अर्थडॉनमध्ये सर्कल (पात्राची पातळी) वाढत जातं तसा तुमचा सोसायचा आकडा वाढत जातो, वरच्या सर्कलचा वॉरिअर म्हणजे चालता किल्ला. शॅडोरनमध्ये दोन वर्षं खेळलेलं पात्रसुद्धा चुकीच्या गल्लीत एका गोळीने आडवं होऊ शकतं. हे दोन्ही एका टेबलावर शेजारी बसवले की एकाचा खेळ खोटा वाटायला लागतो.

त्यामुळे त्या काळात त्यांचे फासे, या काळात यांचे. खेळाडूंनी पिशवीतनं बाराचा फासा बाहेर काढला की आपण भूतकाळात गेलो हे हाताला कळतं, त्यासाठी वेगळं वर्णन करावं लागत नाही.

निळी_शाई:

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मुळात जोडायचंच कशाला?

फासा २००१ मध्ये बंद झाली, शॅडोरन एकीकडे गेलं, अर्थडॉनचे हक्क दुसरीकडे राहिले, आणि तेव्हापासून दोन्हींची पुस्तकं वेगवेगळे लोक काढतायत. त्याआधीही जोड कधी सरळ सांगितलेली नव्हती. जो अमर एल्फ फार जुन्या गोष्टी बोलून दाखवतो तो नक्की किती जुना आहे, ड्रॅगन कसल्या शत्रूबद्दल कुजबुजतायत, हे सगळं कडेकडेने यायचं. मी १५ वर्षांचा असताना फक्त शॅडोरन खेळायचो, अर्थडॉन माहीतच नव्हतं, आणि त्या सूचना वाचून जे वाटायचं ना, की या शहराच्या खाली, या सगळ्या निऑनच्या खाली काहीतरी फार जुनं झोपलंय, ते मला पुढे उत्तर कळल्यावर तसं परत कधी वाटलं नाही. उत्तर चांगलंच आहे, पण माहीत नसण्यात जे होतं ते गेलं. तुमच्या खेळाडूंकडे अजून ते आहे. विचार करून द्या एवढंच म्हणणं.

थ्रेडची_गाठ:

निळी शाई, तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी जोडा असंच म्हणेन, कारण भीती माहितीने जात नाही, माहिती फुकट मिळाली तर जाते. आणि माहितीची किंमत कशी लावायची हे अर्थडॉनच्या नियमांतच लिहून ठेवलंय, फक्त ते शॅडोरनमध्ये उचलून आणायचं.

थ्रेड आयटम आठवा. अर्थडॉनमध्ये जादुई तलवार सापडली म्हणून ती चालत नाही. तिला स्वतःचं नाव असतं, पॅटर्न (जादुई घडण) असतो, आणि तिच्याशी थ्रेड (जादुई धागा) विणायचा तर आधी तिच्याबद्दल काहीतरी खरं शोधून काढावं लागतं, तिचं नाव काय, कोणी घडवली, शेवटची कोणाच्या हातात होती. याला की नॉलेज म्हणतात. पुढची शक्ती उघडायला बऱ्याचदा नवी की लागते, वरच्या पायऱ्यांवर तर काही वेळा एखादी कामगिरी प्रत्यक्ष करून दाखवावी लागते. आता विचार करा, शॅडोरनमध्ये तुमच्या टीमला अशी वस्तू मिळाली. पाच हजार वर्षांपूर्वीची. लायब्ररीत तिच्याबद्दल एक ओळ नाही, मॅट्रिक्समध्ये (तिथल्या इंटरनेटवर) नाही, कारण तिचा इतिहास लिहिला गेला तेव्हाची भाषाच आता कोणाला येत नाही. मग की शोधायची कुठे? तर ती की म्हणजे तुमचं अर्थडॉनचं सेशन. टीममधला जादूगार वस्तूवर हात ठेवून अ‍ॅस्ट्रल क्वेस्टला (आत्म्याने जादूच्या अदृश्य जगातल्या सफरीला) जातो, तुम्ही शॅडोरनच्या शीट्स (पात्रांचे कागद) बाजूला ठेवता, अर्थडॉनच्या शीट्स वाटता, आणि त्या रात्री जे घडतं तीच की. परत आलात की थ्रेडची एक पायरी उघडली.

यात तुमचा ठरलेल्या भूतकाळाचा प्रश्नही सुटतो. वस्तू टिकली एवढंच ठरलेलं आहे. ती कोणी वाचवली, कोणाला मागे सोडून, कोणाशी काय करार करून, हे काहीच ठरलेलं नाही आणि ते खेळाडूच ठरवणार. आमच्याकडे तिसऱ्या अर्थडॉन सेशनला टीमने एका हॉररशी सौदा केला. तलवार वाचली. आणि पुढच्या आठवड्यात शॅडोरनमध्ये जी बाई ती तलवार वापरत होती तिच्या खेळाडूला पूर्ण माहीत होतं की त्या सौद्यातला दुसरा पक्ष अजून कुठेतरी आहे आणि त्याची बाकी राहिलीय. तिच्या पात्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. टेबलावर इतकी शांतता मी क्वचित अनुभवलीय. तर माहितीने भीती जाते म्हणता ना, मला तरी ती तिथे दुप्पट झालेली दिसली.

वस्तू कोणती निवडायची हे नीट ठरवा मात्र. तलवार सोपी पडते, पण माझ्या डोक्यात बरेच दिवस एक दुसरीच गोष्ट आहे, मला ती चालवायला मिळालेली नाही तर तुम्ही घ्या. स्कर्जच्या काळात, म्हणजे हॉरर्सनी जग व्यापलं तेव्हा, लोक केअरमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या बंदिस्त आश्रयांत, जवळपास ४०० वर्षं राहिले हे तुम्हाला माहीत आहेच. बाहेरचं संकट ओसरलं हे आतून कसं कळायचं? त्यासाठी ट्रू वॉटरची (शुद्ध जादुई पाण्याची) थाळी असायची आणि तिच्यावर अधांतरी ट्रू अर्थचा (तशाच मातीचा) गोळा. जगातली जादू जशी कमी होईल तसा गोळा खाली येणार, पाण्याला टेकला की दारं उघडायची. आणि तो टेकायच्या जरा आधीच थांबला! जादू अपेक्षेएवढी उतरलीच नाही, म्हणून काही केअर खूप उशिरा उघडले. अर्थडॉनमधली मला सगळ्यात आवडणारी कल्पना कुठली विचाराल तर हीच.

आता ती थाळी सहाव्या युगात आणा. एखाद्या कॉर्पोरेशनच्या तळघरात, कोणालाच कळत नाही हे काय आहे, पुरातत्त्ववाले म्हणतात धार्मिक भांडं. पाचव्या युगभर गोळा पाण्याच्या तळाशी पडलेला होता. २०११ नंतर तो पाण्याबाहेर आला आणि तेव्हापासून दरवर्षी थोडा थोडा वर चढतोय. शास्त्रज्ञ मोजतायत, त्यांच्यासाठी तो नुसता ग्राफ आहे. पण तुमच्या खेळाडूंनी तोच गोळा अर्थडॉनमध्ये उतरताना पाहिलाय, त्याच्याभोवती बसून म्हातारे लोक रडताना पाहिलेत. तो वर जातोय म्हणजे काय येणार आहे हे त्यांना कोणी सांगायला नको. (पुस्तकात थाळीचं पुढे असं काही होत नाही, हे माझं रचलेलं आहे, पण जगाच्या नियमात बसतं.)

सहाचा_फासा:

थाळी!! मी इतकी वर्षं अर्थडॉन खेळतोय आणि ती उलट्या दिशेने चालवायचं कधी सुचलं नाही. यात अजून एक घाला, शॅडोरनमध्ये २०१७ चा ग्रेट घोस्ट डान्स (मूळ अमेरिकन जमातींचा मोठा जादुई विधी) झाला तेव्हा जादूची पातळी एका जागी अवेळी उसळली आणि पलीकडच्या शत्रूला, म्हणजे हॉरर्सना, पूल बांधायला जागा मिळाली, हे अधिकृत आहे, १९९४ च्या एका साहस-पुस्तकात आलंय. म्हणजे त्या ग्राफमध्ये २०१७ ला एक उडी दिसली पाहिजे. खेळाडूंसमोर फक्त तो ग्राफ ठेवा आणि गप्प बसा.

रात्रीचा_जीएम:

मी शॅडोरनवाला नाही, पण खेळ जोडायचे प्रयोग बरेच केलेत म्हणून लिहितो, विशेषतः तुमच्या पहिल्या प्रश्नावर.

फासे सारखे असले की जोड सोपी असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. वर्ल्ड ऑफ डार्कनेस या भयखेळांच्या मालिकेचं बघा, व्हॅम्पायर १९९१, वेअरवुल्फ १९९२, मेज १९९३, सगळ्यांना दहाचे फासे, शीटही जवळजवळ तीच. आम्ही मोठ्या हौसेने तिन्ही एकत्र बसवले. भांडण फाशांवर झालंच नाही. व्हॅम्पायरचं पुस्तक म्हणतं सगळं केनपासून (बायबलमधला पहिला खुनी) सुरू झालं, वेअरवुल्फचं म्हणतं गाया (पृथ्वी) आणि वर्म (नाशाची शक्ती), मेजचं म्हणतं सत्य तेच जे लोक मानतात. तिघेही आपापल्या पुस्तकात बरोबर आहेत आणि एका खोलीत बसले की कोणीतरी एक खोटा ठरतो, आणि ज्याचा खोटा ठरतो तो खेळाडू हिरमुसतो. वॉरहॅमर ४०,००० चे खेळ तर शंभराच्या फाशावर एकाच घराण्यातले, पण डार्क हेरसीचं पात्र ४०० अनुभव गुणांवर सुरू होतं आणि डेथवॉचचं १३,००० वर, एका खोलीत दोघं असले की एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने सगळं करायचं.

तुमचं उलट आहे आणि म्हणून मला वाटतं जमेल. तुमचे फासे वेगळे पण सत्य एकच. जादू का येते, हॉरर का येतात, नाव म्हणजे काय, यात दोन्ही पुस्तकं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. आणि पात्रं एका खोलीत येतच नाहीत, मधे पाच हजार वर्षं आहेत, म्हणजे कोण जास्त ताकदवान हा प्रश्नच उभा राहत नाही.

फक्त एक सांभाळा, जादू दोन्हीकडे वेगळी का वागते याचं उत्तर तयार ठेवा, कोणीतरी विचारणारच. माझा एक मित्र दोन्ही खेळतो त्याने मला समजावलेलं ते असं की अर्थडॉनमध्ये स्कर्जने अ‍ॅस्ट्रल स्पेस नासवून ठेवलीय, तिच्यातनं सरळ जादू ओढली की तुम्ही भाजता आणि वर हॉररचं लक्ष तुमच्यावर जातं, म्हणून जादूगार स्पेल मॅट्रिक्स वापरतात, गाळणीसारखं. शॅडोरनमध्ये ती जागा अजून बरीचशी स्वच्छ आहे म्हणून लोक थेट जादू करतात आणि फक्त दमतात. हे ऐकून मला काटा आला होता. म्हणजे शॅडोरनचे जादूगार ज्याला मोकळीक समजतात ती नुसती वेळ न झाल्याची खूण आहे.

थ्रेडची_गाठ:

अगदी बरोबर समजावलंय. आणि याच्यावरून एक पूर्ण सेशन होतं: शॅडोरनच्या जादूगाराला कोणीतरी स्पेल मॅट्रिक्स बांधायला शिकवतं आणि तो विचारतो याची गरजच काय.

रेघताई, आत्म्याचं राहिलं. माझा सल्ला, पुनर्जन्म असं सरळ म्हणू नका. अर्थडॉनमध्ये नावाला फार वजन आहे, तिथल्या सगळ्या बोलत्या जमातींना मिळून नेमगिव्हर म्हणतात, ज्याला नाव दिलं त्याचा पॅटर्न ठरतो. तर त्या मुलीच्या स्वोर्डमास्टरने मरताना किंवा जाताना आपलं नाव कशाला तरी द्यावं, तलवारीला, जागेला, एखाद्या वचनाला. आणि शॅडोरनची अ‍ॅडेप्ट ते नाव उचलते, सुरुवातीला रस्त्यावरचं टोपणनाव म्हणून, कुठून सुचलं तिलाही माहीत नाही. तसंही शॅडोरनमध्ये कोणी खऱ्या नावाने वावरतच नाही! म्हणजे जुनं पात्र कधीही मेलं तरी चालतं, उलट कसं मेलं त्यावर नव्या नावाचं वजन ठरतं.

निळी_शाई:

मी वर नको म्हणालो होतो, पण थाळी वाचल्यावर माझा विरोध बराच मावळला. एकच विनंती, पहिलं अर्थडॉन सेशन केअरच्या आतलं ठेवा, दारं बंद असतानाचं. बाहेर काय आहे ते दाखवूच नका. फक्त गोळा, थाळी, आणि भिंतीतून येणारा आवाज. तुमचे खेळाडू दोन सेशन्स खेळलेत म्हणजे त्यांना बाहेरचं जग थोडं माहीत आहे, पण आतली पिढी त्यांनी पाहिली नाहीये.

नकाशातली_रेघ:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप धन्यवाद. मी तीनदा वाचलं.

तर ठरलं असं. नियम वेगळेच ठेवते. थाळी घेते, आणि थ्रेड आयटमचा नियम थाळीलाच लावते, चार पायऱ्या, प्रत्येकीला एक की, प्रत्येक की म्हणजे एक अर्थडॉन सेशन, मधे दोन-तीन शॅडोरनची. पहिली की म्हणजे थाळीचं नाव. निळी शाईंचं ऐकून ते सेशन पूर्ण केअरमध्ये, चारही खेळाडू तिथे जन्मलेले, कोणी सूर्य पाहिलेला नाही, गोळा थांबून बरीच वर्षं झालीत आणि निम्मे लोक म्हणतायत उघडा, निम्मे म्हणतायत थांबा. मत खेळाडूंनी द्यायचं. त्यांनी उघडलं तर एक थाळी सहाव्या युगात पोचते, नाही उघडलं तर पोचते पण तो केअर अजून बंद आहे, आत कोण आहे ते मला अजून ठरवायचंय.

स्वोर्डमास्टरचं नाव देण्याची कल्पना त्या मुलीला नुसती सांगितली तर ती पाच मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली मला विचार करायला आठवडा दे.

सहाचा फासा, एक विचारायचं होतं, की मिळाल्यावर शॅडोरनच्या बाजूला थाळीची शक्ती आकड्यांत काय द्यावी? मी विचार करतेय की प्रत्येक पायरीला अ‍ॅस्ट्रल पर्सेप्शनला एक फासा जास्त, आणि तेवढाच एक फासा कमी जेव्हा कोणी तुमच्यावर अ‍ॅस्ट्रलमधून नजर ठेवेल तेव्हा त्याच्यापासून लपायला. जास्त दिसतं म्हणजे आपणही जास्त दिसतो.

सहाचा_फासा:

उत्तम आहे, असंच ठेवा. फक्त चौथ्या पायरीला जास्तीचे फासे देऊ नका. त्या पायरीला गोळा किती वर आहे ते खेळाडूंना अचूक कळू दे, एवढंच पुरे. आणि केअरमधलं सेशन झालं की इथे लिहा, त्यांनी दार उघडलं की नाही ते मला कळलंच पाहिजे.